हातभर मोठा फ्लेक्स

जनीच्या पोटात दुखायला लागलं की नेरे गावातल्या बायका औषध विचारत नसत. "नीतानं आता काय आणलं?" असं विचारत. नीता ही तिची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांत एकच भिंत. नीतानं ओट्याला ग्रॅनाइट बसवला, तर जनीनं ओट्यासकट गच्चीच्या जिन्यालाही बसवला. गच्चीवर फक्त सुकट वाळायची, पण पायऱ्या चकचकीत! तशी जनी वाईट बाई नव्हे. कुणाचंही लग्न असो, भाकऱ्या थापायला पहिली तीच बसणार. फक्त नीताचं बरं झालेलं तिला बघवत नसे, आणि ते ती लपवतही नसे.

दोघींच्या मुली एकाच वर्षी दहावी झाल्या. नीताची कीर्ती, जनीची मनिषा. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं. निकाल लागला आणि नीता म्हणाली, "आमची कीर्ती लातूरला चालली. अकरावी-बारावी तिथंच, नीटची तयारी पण तिथंच." लगेच गावच्या रिवाजाप्रमाणे नाक्यावर फ्लेक्स लागला. 'भावी डॉक्टर कु. कीर्ती', आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेले काका-मामा.

मनिषानं मात्र पनवेलचं कॉलेज बघून ठेवलं होतं. तिथली प्रयोगशाळा तिला आवडली होती, आणि संध्याकाळच्या बसनं घरी येता येणार होतं.

"आई, मला पनवेललाच जायचंय."

"ती लातूरला आन् तू पनवेलला? लोकं काय बोलतील? जनीची पोर हुशार नाय?"

"हुशारीचा काय संबंध? मला घरूनच अभ्यास जमतो."

"आगो, पोरीचं जरा ऐक तरी," गोरख म्हणाला. त्या घरात नवऱ्याचं म्हणणं ऐकायची पद्धत नव्हती.

दोन दिवसांत नाक्यावर दुसरा फ्लेक्स लागला, कीर्तीच्यापेक्षा हातभर मोठा. 'लातूरला रवाना होत असलेल्या भावी डॉक्टर कु. मनिषा हिस शुभेच्छा'. अजून प्रवेशाचा पत्ता नव्हता! पण एकदा फ्लेक्स लागला की गावात तो दिलेला शब्दच. मागे फिरायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं. मनिषा बसमधून उतरली, तिनं तो वाचला आणि घरी येऊन मुकाट्यानं बॅग भरायला घेतली.

दोघी लातूरला गेल्या, आणि महिनाभरातच कीर्ती परत आली. हॉस्टेलचं जेवण तिला जाईना, रात्रंदिवस रडायची. नीता स्वतः जाऊन तिला घेऊन आली आणि प्रवेशाच्या पुढच्या फेरीत पनवेलच्या त्याच कॉलेजात तिचं नाव घातलं.

खोटं कशाला सांगू, जनीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता नीता मान खाली घालेल म्हणून ती दारातच बसून राहिली. नीतानं नाक्यावरचा कीर्तीचा फ्लेक्स उतरवून आणला आणि सरपणावर टाकला. "लाकडं भिजत व्हती, बरं झालं," म्हणाली आणि आत गेली.

मग रोज संध्याकाळी बस यायला लागली. कीर्ती दप्तर टाकून ओरडायची, "आई, भूक!" भिंतीपलीकडे तवा वाजायचा, मायलेकी भांडायच्या, हसायच्या. जनीकडे मनिषाच्या आवडीची कोलंबी शिजेनाशी झाली होती. असा हेवा तिला जन्मात वाटला नव्हता. शेवटी तिनं फोन लावला.

"मने, घरी ये. पनवेलला नाव घालू. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे."



"आई, कीर्ती परत आली नसती तर मला बोलावलं असतंस?"

जनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिच्या मागनं इथं आले. आता तिच्या मागनं परत नाही यायचं मला."

"तसं नाय गो, मने..."

या वेळी खरंच तसं नव्हतं. पण पोरीनं ते खरं मानावं असं जनीनं आजवर काय केलं होतं? फोन ठेवला तोच भिंतीपलीकडून नीताची हाक आली, "कीर्ती, ताट वाढलंय, ये!"

जनीनं उठून टीव्हीचा आवाज मोठा केला.