जेवणाच्या सुट्टीतली भेट

जनावरांच्या दवाखान्यात कुजबुज होती, की ती शिकाऊ डॉक्टरीण रोज जेवणाच्या सुट्टीत शवविच्छेदनाच्या खोलीत शिरते, आणि तिथल्या देखण्या मदतनिसाशी तिचं सूत जुळलंय. लोकांनी ते चवीने चघळलं.

"काय बाई, प्रेमात भूकसुद्धा मरते वाटतं?" मैत्रिणीने चिमटा काढला.

"मरू दे गं," एवढंच ती म्हणाली.

महिन्यापूर्वी भूल दिलेल्या कुत्रीच्या श्वासनळीऐवजी तिने अन्ननळीत नळी घातली होती. चूक कळेपर्यंत कुत्री गेली. बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या मालकाच्या हातात गळ्यातला पट्टा तिनेच नेऊन दिला. आता सोमवारी पुन्हा नळी घालायची तिचीच पाळी होती.

मदतनिसाशी तिचं काहीच नव्हतं. ती मेलेल्या कुत्र्यांच्या घशात नळी घालायचा सराव करत होती.