विषय माझा, नाव त्याचं

आनंदा निकम. हे नाव सगळ्यात आधी लिहितो. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि ती या माणसामुळे. पदवी एक सत्र उशिरा मिळाली. त्याला कारण असा एक दिवस, ज्या दिवशी मी त्यांचंच ऐकलं नाही.

शेवटच्या वर्षाचे सेमिनार चालू होते. हॉलमध्ये पडद्याशेजारी प्लास्टिकचं स्टूल, त्यावर मी. समोर लॅपटॉप. बोलणारा 'नेक्स्ट' म्हणाला की कळ दाबायची, एवढंच माझं काम. बोलत होता ऋतुराज, माझ्याच वर्गातला. त्याचा चुलता संस्थेच्या संचालक मंडळावर. पडद्यावरचा शब्द न् शब्द माझा होता. पहिल्या पानावर नाव त्याचं होतं.

हे कसं झालं ते सांगतो.

आमच्या विभागात सेमिनारचे विषय सर वर्गात वाचून दाखवायचे. पहिल्या बाकापासून एकेकानं विषय उचलायचा. क्वांटम कॉम्प्युटिंग, ब्लॉकचेन, माणसाचा चेहरा ओळखणारी यंत्रं. जे नवं ते पुढच्या बाकांवरच संपायचं. पुढे कोण बसणार हे पहिल्या वर्षीच ठरलेलं. साताऱ्या-सांगलीच्या इंग्रजी शाळांतून आलेले, स्वतःच्या गाडीनं येणारे पुढे. एसटीच्या पासवर येणारे मागे. आमच्यापर्यंत यादी यायची तेव्हा उरलेलं असायचं 'संगणकाच्या पिढ्या' आणि 'ई-मेलचे फायदे'.

त्या वर्षी एक चांगला विषय शिल्लक राहिला होता. एज कॉम्प्युटिंग. एज म्हणजे काठ. दूरच्या मोठ्या सर्व्हरला न विचारता, जिथं यंत्र आहे तिथंच बसून निर्णय घेणारा छोटा संगणक. मी उभा राहिलो आणि तो मागितला.

सर हसले. "तू दरवर्षी काठावर पास होतोस, तेवढं एज पुरे की."

वर्ग हसला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्हा लोकांचं हाताचं काम चांगलं असतं रे. डोक्याचं राहू दे. आणि तो विषय ऋतुराजसाठी ठेवलाय, तो लग्नाला गेलाय."

मीही हसलो होतो. लिहायला लाज वाटते, पण हसलो होतो.

माझ्या अब्बांचं पलूसमध्ये मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्यांची तांब्याची तार काढून नवी भरायची. अब्बा चौथी शिकलेले. मोटार चालू करतात, स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सांगतात, "बेअरिंग गेलंय. आठ दिवसांत जळंल." जळते.

मी या कानाचं यंत्र करत होतो. मोटारीची थरथर मोजणारा एक छोटा बोर्ड. रानात नेटवर्क नसतं, म्हणून त्यानं जागेवरच ओळखायचं. त्याला शिकवण्यासाठी वर्षभर मी तक्ता भरला. पहिल्या रकान्यात बोर्डानं काय मोजलं, दुसऱ्यात अब्बा काय म्हणाले.

आणि तो बोर्ड मला दिला होता निकम मामांनी. कॉलेजात शिपायांना, लॅबच्या मदतनिसांना सगळे मामाच म्हणतात. निकम मामा आमच्या लॅबचे परिचर. त्याआधी सतरा वर्षं लष्करात, सिग्नलमध्ये, बिनतारी यंत्रांवर. पहिल्या वर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला मला संगणक चालू करता आला नव्हता. मराठी शाळेतला एकुलता एक संगणक कायम चादरीखाली झाकलेला पाहिलेला. पोरं हसली. मामांनी मला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं, लॅब उघडली आणि एक जाड इंग्रजी पुस्तक समोर टाकलं.

"मशीनसंगं आलेलं पुस्तक हाय. वाच."

"मला येत नाही इंग्रजी."

"मला तरी कुटं येत व्हतं? फौजेत कुणी शिकवायला बसलं न्हाई. मशीन आलं की पुस्तक यायचं. रोज तीन वळी वाचायच्या, तेवढ्याच करून बघायच्या. चौथी न्हाई वाचायची. घाई करतंय ते वायर जाळतंय."

तीन वर्षं मी रोज तीन ओळी वाचल्या. तिसऱ्या वर्षी मामांनी मोडीत काढलेल्या सामानातून तो बोर्ड रीतसर मागून घेतला आणि माझ्या हातात ठेवला.

विषय वाटपानंतर चार दिवसांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं सगळं तयार आहे म्हणे. ऋतुराजला दे. पुण्याहून कंपनीचे पाहुणे येणार आहेत, विभागाचं नाव झालं पाहिजे. तुझ्या टर्मवर्कच्या मार्कांचं मी बघतो."

मी पेन ड्राइव्ह दिला. वर 'थँक यू सर' म्हणालो. आपलं काम पाहुण्यांसमोर जाणार, याचा मला आनंद झाला होता. इतका मी आभारी होतो. कुणी पायरीवर उभं राहू दिलं तरी आभारी.

कॅन्टीनमध्ये ऋतुराज भेटला. "भावा, लय भारी केलंयस. खाली मान घालून वाचलं की झालं. फक्त त्यो दुसरा रकाना कशाचा, ते कळंना गड्या."

मी सांगायला लागलो.

"असू दे, असू दे. कोण इचारतंय."

तर तो दिवस. ऋतुराज वाचत होता. मी कळ दाबत होतो. पाचवं की सहावं पान आलं. त्यावर अब्बांचा फोटो. दुकानात उकिडवे बसलेले, स्क्रू ड्रायव्हर कानाला. खाली मी काही लिहिलं नव्हतं. तिथं काय सांगायचं ते मला पाठ होतं, त्याला नव्हतं. तो थांबला, फोटो बघितला आणि मनानं बोलला, इंग्रजीत. त्याचा अर्थ असा: "हा बघा आपल्याकडचा अडाणी कामगार. कानानं मोटार तपासतोय. अशा लोकांमुळे शेतकऱ्यांच्या मोटारी जळतात. म्हणून हे तंत्रज्ञान हवं."

हॉल हसला. पाहुणे हसले. सर हसले.

"नेक्स्ट," ऋतुराज म्हणाला.

माझं बोट कळेवर होतं. ते खाली जाईना.

"नेक्स्ट."

मी हात मांडीवर घेतला. अब्बा पडद्यावर तसेच. भिंतीएवढे.

"अरे, झोपलास का?" सर म्हणाले.

मी उभा राहिलो. दारात निकम मामा पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बस गड्या. शेवटचं वरीस हाय."

मी बसलो नाही.

"हे माझे वडील आहेत," मी म्हणालो. मराठीत. "यांच्या हातून मोटारी जळत नाहीत, जळलेल्या चालू होतात. तक्त्यातला दुसरा रकाना यांनी कानानं ऐकून सांगितलाय. तो काढला तर यंत्राला काही येत नाही. आणि हे सगळं मी केलंय. यानं नाही."

कुणी हसलं नाही. एक पाहुणे घड्याळ बघत म्हणाले, "मला पुण्याला पोचायचंय, जरा आवरतं घेऊ या का?" सर आले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि कळ दाबली. पुढचं पान आलं. सेमिनार पूर्ण झाला. ऋतुराजला पहिला नंबर मिळाला.

मला नोटीस मिळाली. लेखी माफी, खाली पालकाची सही. नाहीतर सेमिनारला शून्य आणि टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही.

रविवारी निकम मामा स्वतः पलूसला आले. दुकानातल्या लाकडी खोक्यावर बसले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. माफीपत्र त्यांनीच लिहून आणलं होतं, फौजी अक्षरात, एकही खाडाखोड नाही. फक्त सह्यांची जागा मोकळी.

"सरांसंगं बोललोय मी. एवढं दिलं की मिटतंय."

अब्बांनी हात पुसले. "निकमसाहेब, पोरगं शिकलं पायजे बगा. कुटं करायची सही?"

त्या कागदावर काय लिहिलंय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मी कागद त्यांच्या हातातून घेतला.

मामा माझ्याकडे वळले. "सतरा वर्सं सलाम ठोकलं मी. समद्यास्नी मनापासनं ठोकलं व्हय? ठोकायचा आन् फुडं जायाचं."

ज्या माणसानं मला वाचायला लावलं, त्याला नाही कसं म्हणायचं? चहा पिऊन ते एसटीनं गेले. दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसलो.

*

मामा,

तुम्ही लिहून दिलेलं माफीपत्र सोबत परत पाठवतो. अक्षर तुमचं आहे म्हणून फाडलं नाही.

तुम्ही माझं वाईट चिंतणार नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्यासमोर गप्प बसलो. पण त्या पत्रात लिहिलंय, 'माझ्या वर्तनामुळे विभागाची मानहानी झाली.' मामा, मानहानी कुणाची झाली ते तुम्ही दारातून पाहिलंत. त्याखाली अब्बांनी सही करायची? ज्यांना अडाणी म्हणून हसले, त्यांनीच 'चुकलो' म्हणून लिहून द्यायचं?

तुम्ही म्हणालात, सलाम ठोकायचा आणि पुढे जायचं. मी साडेतीन वर्षं ठोकला. सर मला हसले, मी त्यांच्याबरोबर हसलो. माझं काम काढून घेतलं, मी आभार मानले. त्यानं मी पुढे गेलो नाही मामा, ते पुढे आले. माझ्यापासून सुरुवात करून आमच्या दुकानापर्यंत आले. आता आणखी मागे सरकायला जागा नाही.

तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी जन्मभर सांगेन. पण त्या उपकाराच्या बदल्यात ही सही मागू नका. ती मी देणार नाही, आणि अब्बांनाही देऊ देणार नाही. कागदावर काय लिहिलंय ते काल त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिला. मग कामाला लागले.

सुट्टीत लॅब कुणी उघडून दिली, बोर्ड कुणी दिला, अशी चौकशी झाली तर स्वतःवर घेऊ नका. मी मागितलं म्हणून दिलं, असं सांगा. माझ्यावर येऊ दे.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता मी विभागात येतो आहे. विषय तोच, एज कॉम्प्युटिंग. पहिल्या पानावर नाव माझं, त्याखाली अब्बांचं. सत्र गेलं तर जाऊ दे, पुढच्या सत्रात पुन्हा येईन, त्याच्या पुढच्यात पुन्हा. विषय बदलणार नाही. त्यांना शून्य द्यायचंच असेल तर समोर बसून माझं शेवटपर्यंत ऐकावं, आणि मग द्यावं.