पहिल्या सिनेमाचा पुरस्कार आणि आमचे रघूअण्णा

चार माणसं वर्षानुवर्षं एकत्र बसून दुसऱ्यांचे सिनेमे बघायला लागली, की त्यांचे स्वतःचेच किस्से साठत जातात. आमच्या फिल्म क्लबचं तेच झालंय. क्लब धारवाडात, सप्तापूरला. नव्या दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमाला आम्ही दरवर्षी पुरस्कार देतो. ज्युरीत चौघं: मी, जोशी वकील, शाळेतून रिटायर झालेल्या सुधाअक्का आणि हुबळीचे कापडवाले रघूअण्णा. अण्णांचा मुलगा प्रसाद दुकान सोडून सिनेमा काढायला गेला, तेव्हापासून अण्णा त्याच्याशी बोलत नाहीत. ज्युरी मात्र त्यांनी सोडली नाही!

*

एका वर्षी एक सिनेमा चौघांनाही फार आवडला. निकाल जाहीर करायच्या आधी निवेदकानं विचारलं, "सिनेमा मराठी की कन्नड?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कुणालाच सांगता येईना! अक्का म्हणाल्या, "अहो, आपल्या घरच्यासारखे बोलत होते की सगळे."

पुन्हा पाहिला. पुन्हा रंगलो, पुन्हा लक्ष द्यायचं राहून गेलं. शेवटी दिग्दर्शकालाच फोन लावला.

"नक्की नाही सांगता येणार, सर," तो म्हणाला. "मी पण इथलाच की."

*

सिनेमा संपला की प्रेक्षकांनी दिग्दर्शकाला प्रश्न विचारायचे, अशी आमची पद्धत. धारवाडचे प्रेक्षक म्हणजे निम्मे रिटायर्ड प्रोफेसर. एकदा एका सरांनी माईक धरला तो सोडेचनात. सिनेमा कुठे सुरू व्हायला हवा होता, कुठे संपायला हवा होता, मधे काय घडायला हवं होतं, सगळं सविस्तर सांगितलं. नवा पोरगा बिचारा हात बांधून उभा.

"तर यावर तुमचं मत काय?" सरांनी अखेर विचारलं.

"चांगला आहे, सर," पोरगा म्हणाला. "काढा तुम्ही."

*

तारिहाळच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्यानं शिफ्ट चालू असतानाच तिथं सिनेमा काढला. सुधाअक्का हेलावून गेल्या. "काय ते बॅकग्राउंड म्युझिक! आणि मधेच थांबतं तेव्हा तर अंगावर काटा येतो. कुणाचं हो?"

"लेथ मशीनचं, अक्का. थांबलं तेव्हा करंट गेला होता."

*

रघूअण्णा प्रत्येक नव्या दिग्दर्शकाला एकच प्रश्न विचारतात, "घरच्यांना दाखवला का?"

एक मुलगी म्हणाली, "बाबांनी शेवटपर्यंत पाहिला, अण्णा. रिमोट सापडत नव्हता."

हॉल हसला. अण्णा हसले नाहीत. "शेवटपर्यंत पाहिला ना? मग झालं," म्हणाले आणि खाली बसले. मला त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटलं.

*

आणि यंदा प्रसादचा सिनेमा आला!

वकील म्हणाले, "अण्णा, नियमाप्रमाणं नातेवाइकानं बाहेर बसायचं."

"बोलणंच नाही, तर नातेवाईक कुठला?" असं म्हणून अण्णा पहिल्या रांगेत जाऊन बसले.

सिनेमा उत्तम होता. आम्ही तिघांनी हात वर केले. अण्णांचा हात खालीच.

"याला देता येत नाही," ते म्हणाले. "हा त्याचा पहिला सिनेमा नव्हे."

आम्ही गार!

"दहावीच्या सुट्टीत एक काढलाय त्यानं. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला. चांगला मोठा. इंटरव्हलसकट."

"हिरो कोण?" वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

"मी."

"हिरॉइन?"

"त्याची आई. दुसरी कोण असणार?"

घरात काढलेला सिनेमा धरायचा नाही, असा निकाल वकिलांनी दिला आणि पुरस्कार प्रसादला मिळाला. आता द्यायचा कुणी? ज्युरीत वयानं मोठे अण्णाच. प्रसाद स्टेजवर आला, पाया पडला. अण्णांनी त्याच्या हातात ट्रॉफी ठेवली. इतक्या वर्षांनी बापलेक समोरासमोर! माईक चालूच होता.

"हा बरा आहे," अण्णा त्याला म्हणाले. "पण पहिल्यात हिरो चांगला होता."