मावशीचा एकमेव श्रोता

माझ्या मावशीच्या नोकरीत दिवसभर एकच प्रश्न असतो: ऐकू आलं का? कानाच्या दवाखान्यात ती लोकांची श्रवणचाचणी घेते. काचेपलीकडच्या बंद खोलीत पेशंट हेडफोन लावून बसतो आणि अलीकडून मावशी यंत्रातून एकेक स्वर सोडते. आधी मोठा, मग बारीक, मग असून नसल्यासारखा. आवाज आला की पेशंटने बटण दाबायचं. पेशंट दाबतातही, पण कानांपेक्षा डोळ्यांनी. बाईंचा हात हलला की दाबायचं, खांदा उचलला की दाबायचं. बहिरेपण लपवायला माणूस जेवढी अक्कल खर्च करतो तेवढी एरवी केली असती तर कुठल्या कुठे पोचला असता, असं मावशीचं मत आहे. म्हणून ती हात टेबलाखाली ठेवते आणि चेहरा भिंतीसारखा.

अशा बाईच्या हाती सिंथेसायझर पडला तो तिच्या मुलीमुळे. मुलीने तो हौसेने घेतला, थोडे दिवस वाजवला आणि नोकरीसाठी परगावी जाताना आईच्या कपाटात ठेवून गेली. तूर्त ठेव, म्हणाली. त्या कपाटातलं निम्मं सामान तिने असंच तूर्त ठेवलेलं आहे. जाडशा पुस्तकाएवढं ते यंत्र. बोटं अंग चोरून ठेवावीत इतक्या अरुंद पट्ट्या, वर फिरवायच्या चार खुंट्या, काडेपेटीएवढा पडदा आणि पोटातच स्पीकर. कपाट आवरताना मावशीने ते चालू केलं, एक पट्टी दाबली आणि तोंड वाकडं केलं. हुबेहूब दवाखान्यातला आवाज. गुळगुळीत, सरळ, कुणाचाच नसलेला. घरी येऊन हेच ऐकायचं तर तिकडेच जास्त वेळ बसलेलं काय वाईट, असं पुटपुटत ती बंद करायला गेली आणि भलतीच खुंटी फिरली.

स्वर खरवडला गेला. मग थरथरला, जाड झाला आणि दूर कुणीतरी जड टेबल फरशीवरून ओढत नेत असावं तसा लांबत गेला. मावशी कपाट विसरली. आयुष्यभर तिने स्वच्छ आवाज हाताळले होते. आवाज मळवता येतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर घरातलं काहीही तिच्या तावडीतून सुटलं नाही. त्या यंत्रात बाहेरचा आवाज भरून घ्यायची सोय होती. मावशीने गळणारा नळ भरला, अडकणारा ड्रॉवर भरला, ताटावर फिरणारा चमचा भरला, आणि प्रत्येकाला ताणून, उलटा करून, खाली-वर करून त्यांच्या सुरावटी बांधल्या. सुरावटी म्हणजे तिच्या मते. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई एकदा वर येऊन फार मायेने विचारून गेल्या की फ्रीज बिघडला असेल तर त्यांच्या ओळखीचा माणूस आहे. मी स्वतः एक सुरावट अर्धी ऐकली आणि पाणी प्यायला उठले ती स्वयंपाकघरातच रेंगाळले.

टिकून राहिले ते फक्त काका. काका म्हणजे मावशीचे यजमान, छापखान्यातून निवृत्त झालेले, मुळात मोजकं बोलणारे. संध्याकाळी मावशी जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडायची आणि ते समोर पेपर घेऊन बसायचे. तुकडा संपला की मान वर करून म्हणायचे, “छान. शांत वाटतं.” लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी मावशीच्या कुठल्याही गोष्टीला एवढी सलग दाद दिली नव्हती. मावशी खुलत गेली. त्या दादेवर तिने आपली सगळ्यात मोठी सुरावट रचली: तळाशी ड्रॉवरची घरघर, मधे चमच्याचं कर्कश खरवडणं आणि सगळ्यांच्या वर एक बारीक, लांबलचक शिट्टी. शिट्टीसाठी तिने दोन आठवडे खुंट्या पिळल्या होत्या. ती शिट्टी म्हणजे त्या तुकड्याचा जीव, असं ती मला म्हणाली.

ही सुरावट तिने मुलीला व्हिडिओ कॉलवर ऐकवली. मुलीने अर्ध्यातच कानांवर हात ठेवले.

“आई, ती वरची शिट्टी काढ गं. दात शिवशिवतात.”

“तुझ्या बाबांना आवडते.”

“बाबा, खरंच?”

काकांनी पेपर खाली केला. “कुठली शिट्टी?” त्यांनी विचारलं.

मुलगी हसली. तिला वाटलं बाबा आईची बाजू घेताहेत. मावशी हसली नाही. फोन ठेवल्यावर तिने नुसती ती शिट्टी वाजवली, एकटी, आवाज वाढवत. काका पेपर वाचत राहिले. मग त्यांची नजर वर आली, पट्टीवरच्या तिच्या बोटावर थांबली, आणि ते म्हणाले, “छान.”

छापखान्यातून आलेला पेशंट समोर बसला की त्याचे वरचे स्वर गेलेले असणार हे मावशी चाचणीआधीच सांगते. यंत्रांच्या गोंगाटाने आधी बारीक आवाज जातात, मग बोलण्यातली स-श-फ जातात, आणि माणूस म्हणत राहतो की हल्ली लोकच पुटपुटतात. काका वर्षभर हेच म्हणत होते. मावशी त्यांना सांगत होती की लक्ष देऊन ऐकत जा.

खरं तर दुसऱ्याच दिवशी काकांना दवाखान्यात न्यायला हवं होतं. मावशीने नेलं नाही. कानात मशीन बसवलं की त्यांना सगळं ऐकू येणार, आणि सगळं म्हणजे तिच्या सुरावटीसुद्धा. ज्यांना ऐकू येत होतं त्या सगळ्यांचं मत तिला माहीत होतं. आज नको, उद्या बघू, असं ती स्वतःला सांगत राहिली आणि संध्याकाळी वाजवत राहिली. काका छान म्हणत राहिले. फक्त आता त्या शब्दाने तिचं पोट भरेना.

मग एकदा दोघं भाजी घेऊन परतत असताना गल्लीत एक टेम्पो टीं टीं करत मागे येऊ लागला. मावशी बाजूला झाली. काका तसेच चालत होते, तिला काहीतरी सांगत. तिने दंड धरून ओढलं तेव्हा पिशवीतले बटाटे रस्त्यावर पांगले आणि काका चिडून म्हणाले की निदान आधी सांगावं माणसाने. बटाटे गोळा करता करता मावशीने त्यांना सांगितलं की उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं.

काचेपलीकडे काकांनी यच्चयावत पेशंटांचे सगळे प्रकार करून पाहिले. तिच्या खांद्याकडे पाहिलं, ओठांकडे पाहिलं, शेवटी अंदाजाने ठेका धरून बटण दाबत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, पास झालो ना? मावशीने त्यांना डॉक्टरांसमोर बसवलं. मशीन आलं.

पहिले काही दिवस काका जगावर रागावलेले होते. पेपर केवढ्याने वाजतो, चपला किती घासतात, नळ गळतोय हे कुणी सांगितलं कसं नाही. मावशी त्यांना पेशंटांना सांगते तेच सांगत होती, होईल सवय. तिने सिंथेसायझर मात्र टेबलावर आणला नाही. विचारलं तर म्हणायची, बॅटरी उतरली आहे.

एका संध्याकाळी काकांनी स्वतःच नव्या बॅटऱ्या आणल्या, खुर्ची ओढली आणि पेपर न घेता बसले. आता सुटका नव्हती. मावशीने मोठी सुरावट वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न गाळता. वाजवताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. संपल्यावर काका यंत्राकडे वाकले.

“हेच वाजवत होतीस? इतके दिवस?”

“हेच.”

“वरची ती शिट्टी फार टोचते. आणि मधे ते पत्रा खरवडल्यासारखं आहे, ते किती लांबवलंयस. खालचं चांगलं आहे. ते मला आधीही ऐकू यायचं.”

“आधी तर सगळंच छान होतं.”

“आधी मी त्यातलं निम्मंच ऐकत होतो, त्याला मी काय करू?”

मावशीला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं संगीत शेवटपर्यंत ऐकलं होतं, आणि कुठला आवाज कुठे आहे हे त्याला नीट कळलं होतं, आणि तो माणूस तिला समोर नको झाला होता. शिट्टी राहणार, ती म्हणाली. ज्याला टोचते त्याने मशीन काढून ठेवावं.

काकांचा हात कानापर्यंत गेला. तिथे थोडा थांबला आणि खाली आला.

“पुन्हा वाजव,” ते म्हणाले. “मधल्यापासून. ते खरवडणं नक्की कुठे लांबतंय ते सांगतो.”

तिने वाजवलं. शिट्टी आली तेव्हा या वेळी तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. काकांचा चेहरा बरोबर त्या जागी आंबट झाला, क्षणभरही उशीर न होता. मावशीने पट्टीवरचं बोट उचललं नाही.