सरकारी साच्याची चूल

सरकारी नोकरीत मी स्वतःच्या हातानं एकच वस्तू फोडली, ती म्हणजे एका आजींची चूल. त्यांनी "थांबा" म्हणून सांगितलं होतं. मी थांबलो नाही. एवढ्यावर भागलं असतं तर आज लिहायला बसलो नसतो; पुढं मी त्यांची भर ग्रामसभेत नाचक्कीही केली.

नव्वदीचं दशक होतं. बीड जिल्ह्यातल्या कडा गावच्या एसटी स्टँडवर एसटीडीचा बूथ आला होता, शेजारच्या हॉटेलात रंगीत टीव्ही आला होता. पण तिथून कोसभरावरच्या माझ्या गावात गॅस पोचला नव्हता. मी तिथला ग्रामसेवक. पंचविशीचा, बिनलग्नाचा, इस्त्रीच्या सदऱ्याचा, आणि गावाला वळण लावायला आपल्यालाच पाठवलंय अशी पक्की समजूत असलेला. जिल्हा परिषदेनं तेव्हा निर्धूर चुलीची योजना आणली होती. सरपण कमी लागणार, बाभळी वाचणार, बायकांच्या डोळ्यांत जाणारा धूर पाइपातून छताबाहेर जाणार. योजना खरंच चांगली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे बिघडलं ते माझ्यामुळं.

गावातल्या चुली आक्का घालायच्या. आक्का म्हणजे किराणा दुकानदाराची आई. साठीच्या पुढच्या, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला तिखट. भाऊ-भाऊ वेगळे निघाले की वाटण्या नंतर, आधी आक्कांना बोलावणं. माती त्या कालवणार, चूल लिंपणार, वाळल्यावर पहिला जाळही त्याच घालणार. मोबदला म्हणून मानाचा खण आणि नारळ.

मी सुरुवात त्यांच्याच घरापासून केली. म्हटलं, आक्का मानल्या की गाव मानेल. सोबत तालुक्याहून आणलेला गवंडी आणि पत्र्याचा साचा. आक्कांनी साच्याच्या तोंडात हात घालून पाहिला.

"भाऊसाहेब, ह्याच्यात भाकर उभी कशी ऱ्हायची?"

"भाकरी तव्यावर होते ना, आक्का."

त्यांच्या सुनेनं तोंडाला पदर लावला.

"लगीन व्हायचंय तुमचं, दिसतंच हाय," आक्का म्हणाल्या. "तव्यावरून काढली की चुलीच्या तोंडाशी इस्तवासमोर उभी करावी लागती, तवा फुगती. तुमाला खानावळीत ताटातच दिसती, म्हून वाटतं ती जन्मली तवाच फुगलेली व्हती."

गवंडीही हसला. मला राग आला.

"धूर मलाबी नकोच हाय," त्या पुढं म्हणाल्या. "ह्या पोरीचे डोळे बघा कसे झालेत. तुमचा पाइप ऱ्हाऊ द्या, तोंड तेवढं मोठं करा. माती मी कालवते. थांबा जरा."

"साचा सरकारी आहे. बदलता येत नाही," मी म्हणालो, आणि पहार उचलून त्यांची जुनी चूल फोडली. जुनी शिल्लक राहिली तर बायका तिच्यावरच रांधतील, असा माझा हिशेब.

पावसाळ्याच्या आत घरोघर नव्या चुली बसल्या. दिवाळीनंतर तालुक्याचे साहेब पाहायला आले. पहिल्या घरात चुलीवर लोणच्याच्या बरण्या होत्या. दुसऱ्या घरात मांजर व्यालं होतं. पाइपांना काजळीचा डागसुद्धा नव्हता.

"फारच निर्धूर आहेत हो," साहेब म्हणाले.

मग त्यांनी परसात जाऊन कोंबड्या झाकायचं एक डालगं उचललं. खाली मातीची चूल, अजून गरम. दुसऱ्या घरामागं तेच. इतक्या सुबक चुली गावात एकाच हाताच्या होत्या.

साहेब दुपारी सरपंचांकडं जेवले, फुगलेल्या भाकरीचं कौतुक करून गेले. मी मात्र आठ दिवस धुमसत राहिलो आणि ग्रामसभेत उठून बोललो. आक्कांचं नाव घेऊन म्हणालो, की सरकारच्या कामात या बाई खोडा घालतात, यांना गावच्या लेकीसुनांना धुरातच ठेवायचंय. आक्का बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि घरी गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी चुलीच्या मातीला हात लावला नाही. कुणी बोलवायला आलं की म्हणायच्या, "म्या गावाला धुरात ठिवणारी. भाऊसाहेबास्नी इचारा." एका घरात सून आली आणि नवी चूल घालायला कुणी मिळेना, शेवटी तीन धोंडे मांडून तिचा पहिला स्वयंपाक झाला. वाटेत बायका मला विचारू लागल्या, "भाऊसाहेब, चूल घालायला कधी येताव?" हसण्यावारी न्यावं असंच ते होतं, पण मला नेता येईना.

फाल्गुनात बीडला जिल्हा परिषदेत याच चुलींचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला विचारलं, "तुमच्या गावात चुली कोण घालतं? त्यांना आणलंय ना?" मी इकडंतिकडं पाहिलं. चार-पाच ग्रामसेवकांशेजारी लुगड्यातल्या बायका बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे. चूल घालणाऱ्या बाईलाच शिकवायचं, आणि तोंडाचं माप तिथल्या जेवणाप्रमाणं घ्यायचं." मी पहिलं पान वाचून कागद फाइलला लावला होता. जिल्हा परिषदेनं जे लिहून पाठवलं होतं, तेच आक्कांनी न वाचता मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. आक्का तुरीची डाळ निवडत होत्या.

"आक्का, चुकलो मी," मी हळूच म्हणालो.

"कावून? काय झालं?"

"ग्रामसभेत तुम्हाला नको ते बोललो."

"मग हितं कावून आलात? तवा तर भोंगा लावल्यावानी बोललात, आन् आता डाळीच्या कानात सांगताव व्हय?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी पुढच्या ग्रामसभेची तारीख सांगितली. "यीन की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डाळीत बघू लागल्या.

त्या आल्या, सुनेला घेऊन, आणि अगदी पुढं बसल्या. मी उभा राहिलो.

"मागं मी म्हणालो, की आक्का गावाला धुरात ठेवतात. ते खोटं होतं. धूर जावा असं त्यांनाही वाटत होतं, आणि तो कसा घालवायचा हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांची चूल फोडली, वर दोषही त्यांनाच दिला. आक्का, माझं चुकलं."

"मागं ऐकू यीना, भाऊसाहेब!" पाठीमागून एक बाई ओरडली.

मी आवाज चढवला. "आक्का, माझं चुकलं. मला माफ करा."

"आलं ऐकू," आक्का म्हणाल्या, "उद्या पाइप घिऊन या, माती मी कालवते."