साहेब सोडून सर्वांना

चहा आधी संपवा, मंग सांगतो. हा किस्सा ऐकताना लोकाइच्या हातातला कप सांडते, असा माह्या अनुभव आहे. स्वतःसाठी खड्डा खंदणारे लोक तुम्ही लय पाह्यले असतीन. म्या खड्डा खंदला, त्याचं उद्घाटन केलं, अन् त्यात पडता पडता भाषणही ठोकलं. गळ्यात हार घालून.

मी सुधाकर गावंडे. मारेगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ऑफिसचा साहेब. माणसं लावणं, हजेरी, सुट्ट्या, भांडणं मिटवणं, सगळं माह्याकडं. अन् माह्यात एक गुण आहे. मले कोणत्याच गोष्टीची शंका येत नाही. घरची म्हणते हा गुण नाही, पण तिले शंका लय येतात.

तं झालं काय, ते गुलाबी बोंडअळीचं साल. बोंडं फुटायच्या आधीच सडली. दरवर्षी आमच्या गेटासमोर कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या राहत, त्या साली गेटावरचा कुत्रा मोकळ्या जागेत पाय पसरून झोपे. इकडची जिनिंग बंद, तिकडच्या जिनिंगनं माणसं कमी केली, रोज हेच कानावर. आमच्या शेठजींच्या दोन जिनिंग, एक आमची अन् एक दारव्ह्याची. एक दिवस त्यांनी मले केबिनमध्ये बोलावलं.

"गावंडे, देखो भाई, माल कमी आहे. दारव्ह्याचं ऑफिस बंद करून इथंच आणतो. पण साहेब एकच ठेवीन. तुम्ही की दारव्ह्यावाले, ते तुम्ही ठरवा."

"मी कसं ठरवू शेठजी?"

"ती पुण्याची सिस्टिम घ्या म्हणून तुम्ही माह्या मागं लागले ना? घेतली. या हंगामात ती चालवून दाखवा. सिस्टिम चालली तं तुम्ही. नाही चालली तं दारव्ह्यावाले. शब्द आहे माझा."

दुसरा कोणी असता तं त्याले झोप आली नसती. मी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. अहो, सिस्टिम चालणार नाही असं होईनच काय? मी होतो ना.

ती सिस्टिम होती मोठी गुणाची, हे आजही सांगतो. गेटावर चेहरा पाहणारी मशीन. अंगठ्याची चालली नसती, सरकी अन् रुई उचलून उचलून आमच्या लोकाइच्या अंगठ्यावर रेषाच राह्यल्या नाहीत. सुट्टी पाहिजे तं मोबाइलवर मागायची, मोबाइलवरच मिळे. जादा काम केलं तं ते आपोआप चढे, कोणाच्या मागं फिरायची गरज नाही.

पहिल्या दिवशी थोडी गडबड झाली. आमचे लोक तोंडाले दुपट्टा बांधूनच येतात, नाही तं नाकातोंडात रुई जाते. मशीनीसमोर सगळे नुसते डोळे घेऊन उभे. मशीन म्हणे, चेहरा दिसत नाही. मंग म्या ओरडून सगळ्याइचे दुपट्टे सोडायले लावले. आमचा मुकादम गोविंद राठोड समोर उभा राह्यला, तं मशीन बाईच्या आवाजात म्हणाली, "नमस्कार, गोविंदजी."

राठोड लाजला. माह्याकडं वळून म्हणते, "साहेब, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही म्हणलं नाही असं."

आता कळीची गोष्ट ऐका. जिनिंगमध्ये माणूस काम सोडते तं सांगून सोडत नाही. दुसरीकडं बरं वाटलं की गेला. नाव मात्र आपल्याकडं तसंच पडून राहते. म्हणून म्या सिस्टिममध्ये एक नियम टाकला. लागोपाठ आठवडाभर मशीनीले तोंड दाखवलं नाही, तं समजायचं माणूस गेला. त्याचं खातं बंद, ग्रुपमधून नाव कमी, अन् बाकी सगळ्याइले मोबाइलवर आपोआप निरोपाचा संदेश. संदेश म्या स्वतः लिहिला. चार वेळा खोडून लिहिला. आपल्याकडून गेलेल्या माणसाचा मान राह्यला पाहिजे, हे माह्यं मत आहे.

माह्यासोबत ऑफिसात प्रज्ञा मेश्राम काम करते. हुशार पोरगी, पण शंकेखोर. तिनं विचारलं, "सर, हा नियम कोणाकोणाले लावायचा?"

"सगळ्याइले."

"तुम्हालेही?"

"प्रज्ञाताई, नियम म्हणजे नियम. साहेब असो की हमाल."

काय बोललो होतो, वा. तिनं लगेच बटण दाबलं.

अन् मी? मी रोज मोटरसायकलवर मागच्या गेटानं, वजनकाट्याजवळून आत येत होतो. आधी काटा पाहायचा, मंग गाठी बांधायची प्रेस पाहायची, मंग ऑफिस. गेटावरच्या मशीनीसमोर उभं राहायचं माह्या मनातही आलं नाही. मंडप घालणारा कधी लग्नात आहेर करते काय?

आठवडा झाला. सकाळी ऑफिसात आलो तं माह्या मोबाइलवरची सिस्टिम उघडेना. म्हणे, आपलं खातं बंद आहे. म्या म्हणलं, मारेगावचं नेटवर्क, दुसरं काय. मोबाइल झटकला अन् खिशात ठेवला.

त्या दिवसापासून लोक माह्याशी फार चांगले वागायले लागले. चहा न मागता येई, वरतून साय असलेला. प्रेसवरचा फिटर, जो माह्यं तोंड पाहून दुसरीकडं वळे, त्यानं माह्या गाडीची चैन ऑइल करून देली. म्या मनात म्हणलं, सुधाकर, याले म्हणतात सिस्टिम. माणसं सुधरली.

दुपारी राठोड आला. टोपी हातात घेऊन उभा.

"साहेब, एक सांगू काय? तांड्यावर आमचं वावर आहे, घर आहे. तुम्ही कधीही या. तुमचंच आहे."

"येतो की. वहिनीले वरण-बट्टी करायले सांग."

"बट्टी काय साहेब, चार महिने राहा तुम्ही." त्यानं नाक ओढलं. मले वाटलं, सर्दी.

मंग प्रज्ञा आली. "सर, तुम्ही आमच्यासाठी लय केलं."

"अजून कुठं, लय करायचं आहे."

ती खाली पाहायले लागली. "मले वाटते शेठजीले एक शब्द विचारावा. हे काही बरं झालं नाही."

"बिलकुल विचारू नका," म्या म्हणलं. मले वाटलं, पोरगी माह्या पगारवाढीचं बोलून राह्यली. "मागून घेतलेल्यात मजा नाही. शेठजी काय करतात, ते त्याइले समजते."

तुम्ही म्हणसान, कोणी सरळ काहून विचारलं नाही? अहो, त्या साली कोणाची नोकरी गेली तं लोक विचारतच नव्हते. घरोघरी तेच चालू होतं. दुखऱ्या जागेवर बोट कोण ठेवन? आमचे लोक तोंडानं विचारत नाहीत, घरी जेवायले बोलावतात.

शनिवारी संध्याकाळी राठोडनं मले हाताले धरून शेडमध्ये नेलं. पाहतो तं काय, कापसाच्या गंजीसमोर सतरंजी, चार खुर्च्या, टेबलावर फुलाइचा हार, शाल, नारळ अन् रंगीत कागदात गुंडाळलेली एक गोल वस्तू. शेठजी नागपूरवरून खास आलते. त्याइच्या बाजूले एक गोरा, जाडा माणूस बसला होता, त्याले म्या ओळखलं नाही.

आता मले सांगा, शाल अन् श्रीफळ पाहून माणसानं काय समजावं? आपल्याकडं माणूस निवडून आला तरी शाल-श्रीफळ, रिटायर झाला तरी शाल-श्रीफळ. मी समजलो, सिस्टिम पास झाली, सत्कार आहे. दुसरा विचार मले शिवला नाही. माह्या गुण मी तुम्हाले सांगतलाच आहे.

शेठजींनी हार घातला, शाल पांघरली. चेहरा मात्र उतरलेला. हळूच म्हणाले, "गावंडे, मले एक फोन तं करायचा."

"तुम्ही कामात असता, म्हणलं सरप्राइज देऊ."

शेठजींनी मान हलवली अन् खाली बसले.

राठोड बोलायले उभा राह्यला. "साहेब आमच्यावर ओरडत. पण पोटात माया होती. असा साहेब..." इतकं बोलून तो दुपट्ट्यात तोंड घालून बसला. मागं दोन बाया डोळे पुसत होत्या. माह्या अंगावर काटा आला. इतकं प्रेम असन असं मले वाटलं नव्हतं. मी उठलो.

"मित्रहो, आज माह्यं मन भरून आलं. पण ही तं सुरुवात आहे. काही लोक म्हणत होते, हा गावंडे टिकणार नाही." राठोडनं दुपट्ट्यातून तोंड वर काढलं. "पण आता मी थांबणार नाही. उद्या दारव्हा, परवा उमरखेड. जिथं जिथं जिनिंग आहे, तिथं मी ही सिस्टिम घेऊन जाईन."

शेठजी खुर्चीत सरळ झाले. त्याइले वाटलं, त्याइच्या पैशानं घेतलेली सिस्टिम मी गावोगाव वाटायले निघालो.

"अन् या यशाचं श्रेय एकाच माणसाले आहे. शेठजींनी मले मोकळं केलं नसतं, तं मी आज इथं उभा राह्यलो नसतो."

त्या गोऱ्या माणसानं जोरात टाळ्या वाजवल्या. तो एकटाच खुश दिसत होता.

"तं सोमवारी सकाळी आठ वाजता भेटू," म्या म्हणलं.

कोणी टाळी वाजवली नाही. शेठजींनी विचारलं, "सोमवारी कायले येता?"

"कामावर."

"कोणाच्या?"

मी हसलो. कोणी हसलं नाही. शेठजींनी खिशातून मोबाइल काढून माह्यासमोर धरला. 'श्री. सुधाकर गावंडे आता आपल्यात नोकरीस नाहीत. त्यांच्या सेवेचा सुगंध या जिनिंगच्या कणाकणांत दरवळत राहील. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

खोटं नाही सांगत, वाचता वाचता मले ते आवडलं. म्हणलं, किती सुंदर लिहिलं कोणी. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा आठवलं, कोणी.

"तुम्ही राजीनामा नाही देला?" शेठजी.

"मी? मले वाटलं तुम्ही सत्कार करून राह्यले."

"अन् आम्हाले वाटलं शेठजींनी काढलं," राठोड म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा शंका आली अन् ती एकदमच सगळी आली. कारण तो गोरा माणूस कोण, हे आता समजलं. दारव्ह्यावाले साहेब, ज्याइले म्या कधी पाह्यलं नव्हतं. माह्या जागेवर बोलावलेले. सकाळीच गेटावर चेहरा दाखवून आत आलते, मशीननं त्याइले नमस्कारही केलता. पन्नाशीच्या तोंडावर, अशा सालात, मले दुसरं कोण ठेवणार होतं? खांद्यावरची शाल जड वाटायले लागली.

शेठजींनी प्रज्ञाले विचारलं, "मशीन चुकली काय?"

प्रज्ञानं मोबाइलवर माह्यी हजेरी काढून पाह्यली. मंग सरळ म्हणाली, "नाही शेठजी. बरोबर चालली. आठवडाभर तोंड दाखवलं नाही, काढून टाकलं. साहेब असो की हमाल, असं सरच म्हणले होते."

शेठजींनी मोबाइलवरचा संदेश पुन्हा वाचला. मंग त्याइचं पोट हलायले लागलं. मंग खुर्ची हलायले लागली. डोळे पुसत म्हणाले, "गावंडे, मी काय म्हणलं होतं? सिस्टिम चालली तं तुम्ही. इतकी चालली, इतकी चालली, की मालकाले न विचारता साहेबाले काढलं तिनं. शब्द म्हणजे शब्द. राहा तुम्ही."

शेडमध्ये असा गलका झाला की गेटावरचा कुत्रा उठला. राठोडनं मले उचललंच. दारव्ह्यावाल्या साहेबांनी मात्र टाळ्या थांबवल्या. पुढं शेठजींनी त्याइले खरेदीवर घेतलं, म्हणजे तेही वाचले. रंगीत कागदातून घड्याळ निघालं. त्यावर 'निरोपाची प्रेमळ भेट' असं कोरलेलं आहे. ते आजही ऑफिसात माह्या डोक्यावर लटकते, कारण प्रज्ञा काढू देत नाही.

पण थांबा, संपलं नाही.

सिस्टिममध्ये गेलेला माणूस परत घ्यायची सोय नव्हती. परत आला तं तो नवीन, हाही नियम माह्याच. सोमवारी मशीनीसमोर उभा राह्यलो. "नमस्कार, नवीन कर्मचारी. आपले प्रशिक्षण बाकी आहे." नवीन लोकाइसाठी एक व्हिडिओ होता, तो पूर्ण पाहून शेवटी परीक्षा द्यायची. व्हिडिओत शिकवणारा कोण? मीच. तोच सदरा, तेच बोट वर केलेलं. समोर सरकी वाहणारे नवीन मजूर, त्याइच्या मधात मी मांडी घालून स्वतःले पाहत बसलो.

परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, 'हजेरीचा नियम कोणाला लागू आहे?' माह्याच प्रश्न, वाचायचं कायले? उत्तर वरचं, हे मले माईत होतं. म्या ऐटीत वरचं बटण दाबलं. पण लोकाइनं नक्कल करू नये म्हणून पर्यायाइच्या जागा रोज बदलायच्या, हेही म्याच सांगतलं होतं. बटण दाबल्यावर वाचलं, 'साहेब सोडून सर्वांना.'

पडदा लाल झाला, अन् भरल्या शेडमध्ये माह्याच आवाज घुमला, "चूक. लक्ष कुठं आहे तुमचं? पुन्हा पहिल्यापासून पाहा."