उभी न्यायची फुलं

काकींना तोंडावर नाही म्हणता येत नसे, म्हणून त्यांच्या वतीने फूल बोलायचं. स्नॅपड्रॅगनचं फूल दोन बोटांत धरून दाबलं की त्याचा जबडा उघडतो, सोडलं की मिटतो. भाव ठरवताना त्या ते माझ्यापुढे धरायच्या आणि आवाज बारीक करून म्हणायच्या, "ताई, एवढ्यात नाय जमत." मग मी फुलाकडे बघूनच घासाघीस करायची. तुम्हीही केली असती.

मी पेणला लग्नमंडपांची सजावट करते. काकी कोलाडजवळच्या गावातल्या. भात कापून झालं की तिकडे शेतात वाल पेरायची रीत. काकींनी वालाचे काही वाफे मोडून त्यांत ही फुलं लावली. थंडी आहे तोवरच ती टिकतात. रोपं जरा वर आली की त्या शेंडे खुडायच्या, म्हणजे बाजूने जास्त दांड्या फुटतात. रोपवाटिकेवाले या फुलांना डॉग फ्लॉवर म्हणत. "लग्नात कुत्र्याचं नाव नको गो बाय," त्या मला बजावायच्या.

शेत धाकट्या दिराबरोबर सामाईक. दीर वालाचे कट्टर. "वयनी, फुलांची काय उसळ करायची?" त्यांनी काकींना एकच हिवाळा दिला होता. फुलं चालली नाहीत तर पुढच्या वर्षी सगळीकडे वाल. नवऱ्यामागे काकींचं स्वतःचं म्हणावं असं त्या वाफ्यांपलीकडे काही नव्हतं.

त्या हिवाळ्यात पेणच्या एका मोठ्या लग्नाचं काम मिळालं. काकी माझ्या मदतीला सकाळीच आल्या होत्या. फुलं घेऊन दीर टेम्पोने येणार होते. वडखळला टेम्पो अडकला आणि दुपारी पोचला. ओलं गोणपाट उचललं, तर एकूण एक शेंडा वर वळलेला. ही फुलं आडवी ठेवली की शेंडे आभाळाकडे वळतात, आणि वळले की वळले. बादलीत हिंदकळतील म्हणून दिरांनी ती मायेने आडवी रचली होती.

"भाऊजी, झोपवलंत व्हय यांना?"

"दमतील म्हटलं," दीर पुटपुटले.

"ही झोपत नायत. आडवी केली की मान वर करून बघतात, पेण आलं का."

कोणी हसलं नाही. उंच फुलदाण्यांत अशा दांड्या चालणार नव्हत्या. मी झेंडूसाठी फोन लावायला घेतला.

तेवढ्यात काकींनी एक दांडी स्टेजच्या कडेला आडवी धरली. शेंडा डौलात वर आला. शेजारी दुसरी, मग तिसरी. मी फोन ठेवला आणि दांड्या खोचायला ओला स्पंज कापत बसले. बघता बघता स्टेजच्या कडेने लाटा उठल्यासारखी रांग उभी राहिली. सरळ दांड्यांनी हे जमलं नसतं.

नवरीच्या आईने विचारलं, "इतकी सारखी कुणी वाकवली हो?"

"ह्यांनी," काकींनी दिराकडे बोट दाखवलं. "वडखळला बसून."

दिरांनी आधी मान खाली घातली, मग कारागिराच्या थाटात हलवली. वालाचा निकाल बहुधा तिथेच लागला. पुढच्या हिवाळ्यात फुलांचे वाफे वाढले.

आता गुडघ्यांमुळे काकी पनवेलला लेकीकडे असतात. फुलं दीर आणतात. टेम्पोत मागे, दोन्ही पायांत बादली घट्ट धरून बसलेले असतात. मी काकींची चौकशी करते.

"बरी हाय वयनी. रोज फोन करते," बादली उतरवत ते म्हणतात. "फुलं कशी हायत, इचारते. मी कसा हाय, ते एकदा पण नाय."